‘शुड हॅव कॉल ऑफ्ड’: मोडल परफेक्ट आणि फ्रेजल व्हर्ब एकत्र आले की वाक्य कुठे बिघडतं आणि ते कसं शोधायचं

आधी लक्षणं. खालच्यापैकी एखादं वाक्य तुमच्या मेलमध्ये, उत्तरपत्रिकेत किंवा मुलाखतीत निघत असेल, तर पुढचं वाचा.

- ‘वी शुड हॅड कॉल्ड ऑफ द मीटिंग.’
- ‘ही मस्ट हॅव गेव्ह अप.’
- ‘यू कुड हॅव कॉल ऑफ्ड इट.’
- ‘आय शुड हॅव टर्न्ड डाउन इट.’
- ‘द मीटिंग शुड हॅव कॉल्ड ऑफ.’
- ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव पुट इट ऑफ.’
- ‘वी शुड हॅव कॉल्ड द मीटिंग.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, मीटिंग रद्द करायला हवी होती. वाक्याचा अर्थ निघतो, मीटिंग बोलवायला हवी होती.

आणखी दोन लक्षणं कागदावर दिसत नाहीत. बोलताना तुम्ही ‘हॅव’पर्यंत येता आणि तिथेच अडखळता. किंवा तुमचं वाक्य तुम्हाला बरोबर वाटतं, पण परदेशातला सहकारी उलट विचारतो, ‘म्हणजे झालं की नाही झालं?’

नोकरी करणाऱ्यांना मी इंग्रजी शिकवते आणि त्यांचे ऑफिसचे मेल तपासते. ही चूक दुरुस्त करून दिली तरी थोड्या दिवसांनी दुसऱ्या वाक्यात परत येते. कारण माणसं दुरुस्त केलेलं ते एक वाक्य लक्षात ठेवतात, बिघाडाची जागा लक्षात ठेवत नाहीत. ‘शुड हॅव कॉल्ड ऑफ’ या रचनेत दोन टोकं आहेत. डावीकडे मोडल, म्हणजे ‘शुड’, ‘कुड’, ‘मस्ट’ यांसारखं सहायक क्रियापद, मग ‘हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप; या तिघांना मिळून मोडल परफेक्ट म्हणतात. उजवीकडे पार्टिकल, म्हणजे ‘ऑफ’, ‘अप’, ‘डाउन’ यांसारखा छोटा शब्द, आणि त्याच्याजवळचं कर्म. क्रियापद आणि पार्टिकल मिळून जी जोडी होते, उदाहरणार्थ ‘कॉल ऑफ’, ती फ्रेजल व्हर्ब. डावीकडे लक्ष दिलं की उजवीकडे काहीतरी सुटतं आणि उजवीकडे सांभाळलं की डावीकडे ‘हॅव’चं ‘हॅड’ होतं. म्हणून तपासणी क्रमाने करायची. आधी नुसत्या नजरेने पकडता येईल ते, मग विचार करावा लागेल ते.

पहिली तपासणी: पार्टिकल जागेवर आहे का

सगळ्यात स्वस्त तपासणी. वाक्यातल्या क्रियापदावर बोट ठेवा आणि त्याचा छोटा शब्द पुढे कुठेतरी आहे ना, एवढंच बघा.

ही पहिली ठेवायचं कारण सांगते. पार्टिकल गळलं तर वाक्य चुकीचं दिसत नाही. ते दुसरंच बरोबर वाक्य बनतं. ‘शी शुड हॅव गिव्हन अप द जॉब’ म्हणजे तिने नोकरी सोडायला हवी होती. ‘अप’ काढा, ‘शी शुड हॅव गिव्हन द जॉब’, आता तिने नोकरी कुणाला तरी द्यायला हवी होती. ‘यू मस्ट हॅव लेट हिम डाउन’ म्हणजे तू त्याची निराशा केली असणार, आणि ‘डाउन’शिवाय तू त्याला परवानगी दिली असणार. संगणकाचं स्पेलचेक इथे गप्प बसतं, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलं नसतं.

गळतं का, तर मराठीत ‘रद्द करणे’, ‘नाकारणे’, ‘पुढे ढकलणे’ यांत सगळा अर्थ येऊन जातो. इंग्रजीतला तो शेवटचा शब्द आपल्याला जादाचा वाटतो, आणि तोपर्यंत सगळी शक्ती ‘शुड हॅव’ जुळवण्यात संपलेली असते. माझा आग्रह असतो की वहीत ‘कॉल’ असं कधी लिहायचंच नाही, ‘कॉल ऑफ’ असं जोडीनेच लिहायचं. पाठही जोडीनेच करायचं: कॉल ऑफ, कॉल्ड ऑफ, कॉल्ड ऑफ.

दुसरी तपासणी: ‘हॅव’ हे ‘हॅव’च आहे का

मोडलनंतर क्रियापद मूळ रूपातच येतं. ‘ही’ असो, ‘शी’ असो, कालची गोष्ट असो की दहा वर्षांपूर्वीची, ‘हॅव’च. ‘मस्ट हॅज’ नाही, ‘शुड हॅड’ नाही. भूतकाळ दाखवायचं काम पुढचं तिसरं रूप करतं, ते ‘हॅव’वर लादू नका.

‘शुड ऑव्ह’ असं ओ-एफ घालून लिहिलेलं चॅटमध्ये दिसेल, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही असं लिहितात. बोलताना ‘शुड हॅव’चं ‘शुडव्ह’ होतं आणि ते कानाला ‘ऑव्ह’सारखं लागतं, म्हणून. लिखाणात ते चूकच.

तिसरी तपासणी: तिसरं रूप कुणाला लागलंय

‘कॉल ऑफ्ड’, ‘लॉग इन्ड’, ‘बॅक अप्ड’ हे प्रकार हुशार माणसांकडूनही होतात, आणि त्यामागे आपल्या भाषेची सवय आहे. मराठीत दोन क्रियापदं जोडली की रूप शेवटच्याला लागतं: फेकून टाकलं, फेकून टाकलं असतं, फेकून टाकायला नको होतं. ‘फेकून’ जागचं हलत नाही, सगळे बदल ‘टाक’वर होतात. इंग्रजीत बरोबर उलटं. ‘थ्रो अवे’चं ‘वुड हॅव थ्रोन अवे’ होतं. बदलतं ते पहिलं, ‘अवे’ जन्मभर ‘अवे’च राहतं. हा फरक एकदा समजला की ‘ऑफ्ड’ बहुतेकांचं कायमचं सुटतं, म्हणून मी इथे वेळ घालवते.

मग रूप बरोबर आहे का ते बघा. दुसरं आणि तिसरं रूप वेगळं असणारी क्रियापदं नेमकी फ्रेजल व्हर्बमध्ये फार येतात: गिव्हन अप, टेकन ओव्हर, ब्रोकन डाउन, गॉन थ्रू, ड्रॉन अप. ‘हॅव गेव्ह अप’, ‘हॅव टुक ओव्हर’, ‘हॅव वेन्ट थ्रू’ ही तिन्ही चूक. ‘रन’ आणि ‘कम’ यांचं तिसरं रूप परत पहिल्यासारखंच होतं, म्हणून ‘वी मस्ट हॅव रन आउट ऑव्ह पेपर’, ‘रॅन आउट’ नाही. ‘पुट’, ‘शट’, ‘कट’, ‘सेट’, ‘लेट’ काहीच बदलत नाहीत, ‘पुटेड ऑफ’ असा शब्द नाही. ‘गेट’चं ब्रिटिश इंग्रजीत ‘गॉट’ आणि अमेरिकन इंग्रजीत बहुधा ‘गॉटन’: ‘ही कुड हॅव गॉट अवे’ आणि ‘ही कुड हॅव गॉटन अवे’ दोन्ही बरोबर, फक्त एका मजकुरात एकच ठेवा.

कानाने इंग्रजी शिकलेल्यांसाठी एक खास सूचना. ‘कॉल्ड ऑफ’ पटकन म्हटलं तर ‘कॉल्डॉफ’ होतं, ‘पिक्ड अप’चं ‘पिक्टप’ होतं. पुढे स्वर असल्यामुळे शेवटचा ‘ड’ किंवा ‘ट’ ऐकू येतो. पण ‘टर्न्ड डाउन’मध्ये दोन ‘ड’ एकमेकांत मिसळून जातात आणि ऐकू येतं ‘टर्न डाउन’. म्हणून ‘शुड हॅव टर्न डाउन’, ‘मस्ट हॅव काम डाउन’ (शांत झाला असणार; हवं ‘काम्ड डाउन’) असं लिहिलं जातं. ‘डाउन’ दिसलं की मागच्या क्रियापदाकडे दुसऱ्यांदा बघा.

चौथी तपासणी: कर्म आहे का, आणि कुठे बसलंय

मराठीत आपण कर्म सर्रास गाळतो. ‘फेकून द्यायला नको होतंस’ हे पूर्ण वाक्य आहे, काय फेकलं ते दोघांना माहीत असतं. इंग्रजीत ‘यू शुडन्ट हॅव थ्रोन अवे’ अर्धवट राहतं, तिथे ‘इट’ लागतंच: ‘यू शुडन्ट हॅव थ्रोन इट अवे.’

आता जागा. कर्म नाम असेल तर ‘कॉल्ड ऑफ द मीटिंग’ आणि ‘कॉल्ड द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतं. कर्म ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ असं छोटं सर्वनाम असेल तर ते मध्येच जातं: ‘कॉल्ड इट ऑफ’, ‘टर्न्ड देम डाउन’. आणि कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवा. ‘वी शुड हॅव पुट द मीटिंग विथ द न्यू क्लायंट फ्रॉम दुबई ऑफ’ असं लिहिलंत तर ‘ऑफ’ येईपर्यंत वाचणारा वाक्याची सुरुवात विसरतो.

पण हा नियम सगळ्या फ्रेजल व्हर्बना लागू नाही, आणि इथेच नियम पाठ केलेले लोक अडकतात. ‘लुक आफ्टर’, ‘लुक इन्टू’, ‘गो थ्रू’, ‘कम अक्रॉस’, ‘रन इन्टू’ हे तुटत नाहीत. तिथे ‘इट’ शेवटीच: ‘यू शुड हॅव लुक्ड इन्टू इट’, ‘आय शुड हॅव गॉन थ्रू इट.’ तीन शब्दांचेही बहुतेक असेच: ‘शी शुडन्ट हॅव पुट अप विथ इट’, ‘ही कुड हॅव कम अप विथ इट अर्लियर.’

कुठला तुटतो आणि कुठला नाही हे तर्काने ओळखता येत नाही, शब्दकोश बघावा लागतो. शिकणाऱ्यांसाठीचे ऑक्सफर्ड आणि केंब्रिज शब्दकोश हे नोंदीतच दाखवतात. ‘कॉल समथिंग ऑफ’ अशी नोंद असेल, म्हणजे ‘समथिंग’ मध्ये असेल, तर तुटतो. ‘लुक आफ्टर समबडी’ असं शेवटी असेल तर तुटत नाही. दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. क्रियापद वहीत उतरवताना ‘समथिंग’सकट उतरवा, ही तपासणी पुढे करावीच लागणार नाही.

पाचवी तपासणी: ‘बीन’ हवं की नको

‘मीटिंग रद्द करायला हवी होती.’ या वाक्यात कुणी, ते नाही. मराठीला ते खटकत नाही. हाच साचा इंग्रजीत नेला की ‘द मीटिंग शुड हॅव कॉल्ड ऑफ’ होतं, म्हणजे मीटिंगनेच काहीतरी रद्द करायला हवं होतं. इथे ‘बीन’ लागतं: ‘द मीटिंग शुड हॅव बीन कॉल्ड ऑफ.’ वाक्य सुरू करणारा शब्द ते काम स्वतः करतो की त्याच्यावर ते केलं जातं, एवढा एकच प्रश्न विचारा.

मग ‘बीन’ सगळीकडे घालत सुटू नका. ‘गाडी बंद पडली असावी’, ‘विमान उडालं असेल’ यात गाडी आणि विमान स्वतःच ते करतात: ‘द कार मस्ट हॅव ब्रोकन डाउन’, ‘द प्लेन मस्ट हॅव टेकन ऑफ.’ ‘मस्ट हॅव बीन ब्रोकन डाउन’ म्हटलंत तर गाडीचे कुणीतरी सुटे भाग केल्यासारखं वाटेल.

काही क्रियापदं दोन्हीकडे जातात आणि तिथे एका ‘बीन’ने दोष एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. ‘द सर्व्हर शुडन्ट हॅव शट डाउन’ म्हणजे सर्व्हर आपोआप बंद पडायला नको होता, यंत्रणेत बिघाड आहे. ‘द सर्व्हर शुडन्ट हॅव बीन शट डाउन’ म्हणजे तो कुणीतरी बंद केला आणि त्याने तसं करायला नको होतं. आयटीत काम करणाऱ्यांनी हे वाक्य लिहिताना थांबून विचार करावाच.

‘बीन’च्या वाक्यात पार्टिकल शेवटी एकटं पडतं, म्हणून परत गळतं. विशेषतः पुढे ‘बाय’ आलं तर: ‘द चाइल्ड शुड हॅव बीन लुक्ड आफ्टर बाय हिज अंकल.’ ‘आफ्टर’ आणि ‘बाय’ शेजारी विचित्र वाटतात, पण दोघंही हवेत.

सहावी तपासणी: मोडल बरोबर निवडलंय का

इथपर्यंतच्या चुका डोळ्यांना दिसतात. ही दिसत नाही, कारण वाक्य व्याकरणाने निर्दोष असतं. मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते.

उपाय मराठीतूनच काढायचा. जे म्हणायचंय ते आधी मराठीत, मनात, पूर्ण म्हणा आणि वाक्याचं शेपूट ऐका. ‘करायला हवं होतं’ ऐकू आलं तर ‘शुड हॅव’. ‘केलं असतं’ आलं तर ‘वुड हॅव’. ‘करता आलं असतं’ किंवा ‘करू शकलो असतो’ असेल तर ‘कुड हॅव’. या तिन्हींत गोष्ट घडलेली नाही. ‘केलं असणार’ असेल तर ‘मस्ट हॅव’, ‘केलं नसणार’ असेल तर ‘कान्ट हॅव’. अमेरिकन इंग्रजीत इथे ‘मस्ट नॉट हॅव’ही म्हणतात. आणि ‘उगाच केलं, गरज नव्हती’ असेल तर ‘नीडन्ट हॅव’: ‘वी नीडन्ट हॅव गॉट अप सो अर्ली’, म्हणजे उठलो लवकर, पण कारण नव्हतं.

खरा घोटाळा ‘असेल’चा. ‘त्याने फॉर्म भरून दिला असेल’ याचं आपल्याकडे सर्रास ‘ही वुड हॅव हँडेड ओव्हर द फॉर्म’ होतं. भारतात असं बोललेलं समजतं. पण लंडन किंवा शिकागोत वाचणाऱ्याला त्यातून बऱ्याचदा ‘दिला असता’ असा अर्थ लागतो, आणि तो विचारतो, मग दिला का नाही? तुम्ही अंदाज सांगितलात, त्याने नकार वाचला. प्रकल्पाच्या मेलमध्ये यावरून दोन दिवसांची उलटसुलट पत्रापत्री होते.

म्हणून ‘असेल’ आलं की स्वतःला विचारा, यावर मी पैज लावेन का? लावणार असाल तर ‘मस्ट हॅव’. नसाल तर ‘मे हॅव’ किंवा ‘माइट हॅव’. ‘माइट हॅव’ मात्र ‘थोडक्यात वाचला, पडला असता’ यासाठीही वापरतात. ‘ही माइट हॅव फॉलन ऑफ’ यातून पडला की नाही, हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरून कळतं. नुसताच अंदाज असेल तर ‘मे हॅव फॉलन ऑफ’ जास्त स्वच्छ.

सातवी तपासणी: ‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ शिरलंय का

‘तू सांगितलं असतंस, तर मी ते पुढे ढकललं असतं.’ मराठीत दोन्ही बाजूंना ‘असतं’. म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ पडतं. इंग्रजीत अटीच्या बाजूला ‘हॅड’ आणि तिसरं रूप, परिणामाच्या बाजूला ‘वुड हॅव’: ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव पुट इट ऑफ.’ अमेरिकन बोलण्यात दोन्हीकडे ‘वुड हॅव’ ऐकू येईल, परीक्षेत आणि औपचारिक पत्रात ते टाळा. लक्षात घ्या, दुसऱ्या तपासणीत ज्या ‘हॅड’ला आपण हाकललं, त्याची हक्काची जागा ही आहे. बऱ्याच जणांचं ‘शुड हॅड’ इथूनच आलेलं असतं, दोन साचे एकमेकांत मिसळून.

नकार आणि प्रश्न यांत फार काही नाही. ‘नॉट’ मोडलला चिकटतो, ‘शुड नॉट हॅव कॉल्ड इट ऑफ’. प्रश्नात फक्त मोडल पुढे जातं, ‘शुड वी हॅव कॉल्ड इट ऑफ?’ ‘शुड हॅव वी’ नाही.

आठवी तपासणी: तोंडात बसतंय का

ही सगळ्यात अवघड, कारण हिला सवय लागते. आपण प्रत्येक शब्द सारख्या जोराने म्हणतो: शुड, हॅव, कॉल्ड, इट, ऑफ. इंग्रजीत ‘शुड हॅव’ आक्रसून ‘शुडव्ह’ होतं आणि जोर येतो ‘कॉल्ड’ आणि ‘ऑफ’वर. ‘इट’ मध्ये चिमटल्यासारखं निसटतं. ‘लुक्ड आफ्टर इट’मध्ये मात्र जोर ‘लुक्ड’वर, ‘आफ्टर’ हलकं. न तुटणाऱ्या दोन शब्दांच्या क्रियापदांत बहुतेकदा असंच ऐकू येतं. ‘हॅव’वर अडखळणाऱ्यांनी पूर्ण वाक्य नीट म्हणण्याचा नाद आधी सोडावा. उजवं टोक आधी म्हणा, ‘कॉल्ड इट ऑफ’, ते जिभेवर बसलं की मागे ‘शुडव्ह’ जोडा. रोज घरात घडलेल्या गोष्टींवर म्हणा: दूध उतू गेलं, ‘आय शुडव्ह टर्न्ड इट ऑफ’. फोन बंद पडला, ‘आय शुडव्ह प्लग्ड इट इन’.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

काही कागद असे आहेत की या सगळ्या तपासण्या पार पडल्या तरी ते स्वतःच्या भरवशावर पाठवू नयेत.

कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर, करारनामा, विमा कंपनीला पाठवायचं पत्र, ग्राहकाचा डेटा गेल्यानंतरचा अहवाल: यांत ‘वी शुड हॅव बॅक्ड इट अप’ हे तुमच्या मनात दिलगिरीचं वाक्य असतं, समोरचा ते चुकीची लेखी कबुली म्हणून वाचू शकतो. इथे व्याकरणाच्या शिक्षकाचं काम नाही, वकिलाला दाखवा.

पोलीस जबाब, प्रतिज्ञापत्र, न्यायालयात द्यायचं भाषांतर: ‘ही मस्ट हॅव रन अवे’ म्हणजे तुमचा तर्क, ‘ही रॅन अवे’ म्हणजे तुम्ही पाहिलं किंवा तुम्हाला पक्कं माहीत आहे. साक्षीत हा फरक फार मोठा आहे. कायदेशीर कागद करणाऱ्या अनुभवी भाषांतरकाराकडे जा.

रुग्णाची माहिती परदेशातल्या डॉक्टरला पाठवताना ‘गोळ्या घेतल्या असतील’ आणि ‘घेतल्या असत्या’ यात गल्लत झाली तर धोका जिवाशी आहे. तिथे मोडलच्या भानगडीत पडू नका. घेतल्या, नाही घेतल्या, माहीत नाही, अशी साधी वाक्यं लिहा आणि ती इथल्या डॉक्टरकडून तपासून घ्या.

केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट किंवा सी-वन अॅडव्हान्स्ड परीक्षेला बसणार असाल, तर त्यात दिलेला शब्द वापरून मोजक्या शब्दांत वाक्य फिरवायचा प्रश्न असतो, आणि ही रचना तिथे अगदी चपखल बसते. एकट्याने सराव करून गुण अडकून राहिले असतील, तर त्या परीक्षेची तयारी करून घेणारा शिक्षक गाठा, तुमच्या उत्तरात कुठलं टोक सुटतंय हे त्याला लवकर दिसेल.

आणि अक्षरं, शब्दांचा क्रम यांच्या चुका मराठी लिहितानाही तितक्याच होत असतील, विशेषतः मुलाच्या बाबतीत, तर हा इंग्रजी व्याकरणाचा प्रश्न नाही. शिकवणी वाढवू नका, अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला भेटा.

यांपैकी कुणाकडेही जाताना इंग्रजी मसुद्याबरोबर तुमच्या मनातलं मूळ मराठी वाक्यही लिहून न्या. ‘असेल’ होतं की ‘असतं’, हे इंग्रजी मसुद्यावरून त्यांना ओळखता येणार नाही.